नंदी, मनू आणि माझं पत्रक

आमच्या घरात क्रांती झाली. ती माझ्यामुळे झाली नाही, हे आधीच सांगून टाकते.

भांडण तान्ह्या पोळ्याचं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आर्णीत पोरं चाकांचा लाकडी नंदी ओढत घरोघर जातात. ज्याच्या दारात नंदी येतो, तो त्याला ओवाळतो आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतो: बिस्कीट, चॉकलेट, घरात असेल तो खाऊ. माझ्या भावाच्या मुलीला, पाच वर्षांच्या मनूला, यंदा नंदी हवा होता.

"पोरी नंदी नाही नेत," बाबा म्हणाले.

मी पत्रकं वाचून वाढलेली मुलगी. (शाळेच्या डब्याला गुंडाळलेलं पत्रक वाचून झाल्याशिवाय मी पोळीला हात लावत नसे.) मी ताबडतोब पत्रक काढलं. मथळा जाड, काळ्या ठशात: 'नंदीला भेदभाव कळत नाही'. गठ्ठाभर प्रती छापून आणल्या. एक फ्रिजवर चिकटवली, एक बाबांच्या चहाशेजारी ठेवली. बाबांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"शुद्धलेखन चांगलं हाये," ते म्हणाले, आणि त्यावर शेंगांची टरफलं टाकू लागले.

मनूने विचारलं, "आत्या, मंग नंदी कुठं हाये?"

"आधी विचार बदलावा लागतो, बेटा. मग नंदी येतो."

न आलेल्या एसटीकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

तिचा रुसवा काढायला मी तिला यवतमाळच्या नव्या कलासंग्रहालयात न्यायचं ठरवलं. वहिनी म्हणाली, "बाई, हे पोरगी घरात एक कप साबूत ठेवत नाही, अन् तू तिले तिथं नेऊन राह्यली?"

"वहिनी, कला काही लांबून बघायची गोष्ट नाही," मी सुनावलं.

बसमध्ये मी मनूची तयारी करून घेतली. "तिथलं सगळं कोणाचं?"

"राजाचं?"

"नाही. लोकांचं. म्हणजे आपलं."

"माहंही?"

"तुझंही!" मी इतकं ठासून सांगितलं की कंडक्टरने वळून पाहिलं.

संग्रहालयात मी एका काळ्या रेघांच्या चित्रापुढे उभी राहिले आणि त्यातलं शोषण समजावून सांगू लागले. चांगली रंगले होते. शेवटी विचारलं, "सांग, काय दिसलं तुला?"

"मले तं काहीच नाही दिसलं, म्याडम," मागून एक अनोळखी गृहस्थ म्हणाले. ते बिचारे मधे सोडून जायला संकोचून थांबले होते. मनू केव्हाच पसार झाली होती.

तेवढ्यात शेजारच्या दालनातून चाकं कुरकुरल्याचा आवाज आला.

तिथे लोककलेच्या वस्तू होत्या. बुटक्या चौथऱ्यावरचा गुडघाभर उंचीचा जुना नंदी मनूने खाली उतरवला होता. शिंगाला स्वतःच्या वेणीची लाल फीत बांधली होती आणि त्याला ओढत ती पहारेकऱ्यापुढे जाऊन उभी होती.

"काका, बोजारा."

फोटो काढणाऱ्याला काय म्हणायचं हे त्याला शिकवलेलं होतं. नंदी दारात आला तर काय करायचं, हे मात्र त्याला नोकरीच्या आधीपासूनच ठाऊक होतं. हात आपोआप खिशात गेला आणि चॉकलेट बाहेर आलं. मग त्याला नोकरी आठवली. "कोणाची हाये हे पोरगी?"

मी पुन्हा त्या काळ्या रेघांकडे फार बारकाईने बघू लागले.

दिग्रसहून आलेल्या एका वयस्कर मुसलमान बाईंनी, खालांनी, पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. "दारातला नंदी खाली हात जात नाही, बेटा." मग कॉलेजची पोरं, मग ते अनोळखी गृहस्थ. बघता बघता मनूमागे मिरवणूक लागली. माझ्या आजवरच्या सर्वांत मोठ्या मोर्चाला मी, माझी मैत्रीण आणि तिची स्कूटी एवढेच होतो.

शेवटी संग्रहालयाच्या प्रमुख बाई आल्या. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. आवाज अजून वर्गातलाच. मी पुढे झाले. "हे बघा, कला ही लोकांची..."

"लोकांचीच हाये. पण चाकं जुने हायेत. पहिले उचल त्याले."

मी उचलला. बाईंनी नंदी सगळीकडून तपासला, शाबूत निघाला तेव्हा श्वास सोडला आणि मनूला म्हणाल्या, "याले नाही ओढाचं, बाळा. पोळ्याले तुहा नंदी आण, मी बोजारा देतो."

"माहा नाही हाये. आजोबा म्हणते, पोरी नाही नेत. अन् आत्या म्हणते, पहिले विचार बदलते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तवरक पोरीचं लगन होऊन जाईन," खाला म्हणाल्या.

घरी आल्यावर मनूने फ्रॉकच्या ओच्यातला खाऊ बाबांपुढे ओतला आणि त्याचे दोन ढीग केले. "हा तुमचा, आजोबा."

"कोणं देल्ला?"

"सगळ्यायनं. म्या नंदी नेलता ना."

"अन् कोणी काही म्हटलं नाही?"

"अजून या म्हणे."

बाबांनी एक बिस्कीट खाल्लं. बराच वेळ खाल्लं. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता सुताराकडे जाऊन आले आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी काखेत पुडकं घेऊन घरात शिरले. आत पांढराशुभ्र नंदी. मनूने तो ओढत अंगणाला इतक्या फेऱ्या मारल्या की वहिनीला झाडू मारायची गरज उरली नाही.

मी छाती फुगवून म्हटलं, "म्हणजे बाबा, माझं पत्रक कामी आलं."

"आलं ना. रंग ओला होता, त्यातच गुंडाळून आणला."

नंदीच्या पाठीवर माझा मथळा ठसठशीत उमटला होता. तान्ह्या पोळ्याला मनूने तो आर्णीत दारोदार फिरवला. माझा विचार असा घरोघर पोचला. फक्त तो वाचायला आरसा लागतो.