रजेच्या बाजूने आणि विरुद्ध

ऑस्ट्रेलियात कोण निवडून येतं याच्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता. मी मूळची सांगलीची. त्या वर्षी सौदी अरेबियात, हाइलमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते. पण आमच्या विभागात दोन ऑस्ट्रेलियन मतदार होते, आणि त्यांच्या निवडणुकीच्या आधीचा महिनाभर मी त्या दोघांचं बोलणं जिवाचा कान करून ऐकलं, कारण मला दुसरा महिना संपत आला होता आणि ही गोष्ट नवऱ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

त्या दोघांपैकी एक आमच्या सुपरवायझर. नाशिकच्या. वीसेक वर्षांपूर्वी पर्थला गेल्या, तिकडचं नागरिकत्व घेतलं, मुलगा मोठा झाल्यावर एकट्याच इकडे नोकरीला आल्या. हॉस्पिटलात मी त्यांना मॅडम म्हणायचे आणि क्वार्टर्समध्ये ताई. दुसरे आमचे विभागप्रमुख, जन्माने ऑस्ट्रेलियन असलेले डॉक्टर. गोरेपान, उंच, कायम हसतमुख. त्यांची बायको आणि दोन मुली ब्रिस्बेनला होत्या.

शुक्रवारी सुट्टी. ताईंनी आम्हा दोघांना पोह्यांना बोलावलं होतं. बशा हातात आल्या आणि डॉक्टरांनी विषय काढला. तिकडच्या एका पक्षाने म्हणे मूल झाल्यावरची रजा वाढवायचं वचन दिलं होतं, आईला आणि बापालाही, आणि रजेतला पगार सरकार देणार होतं.

"द्यायलाच पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "रस्ते बांधायला सरकारकडे पैसे असतात, मग मुलं वाढवायला का नसावेत? धाकटी झाली तेव्हा मी रजा घेतली होती. आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ."

"सरकारकडे काय पैशाचं झाड आहे?" ताई इंग्रजीतच पण नाशकी ठसक्यात म्हणाल्या. "कर वाढवणार किंवा कर्ज काढणार. आणि एक बाई रजेवर गेली की तिचं काम कोण करतं? उरलेल्या बायका. ते कुठलाच पक्ष बोलत नाही."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर आली आणि क्षणभर तिथेच राहिली. हिला कळलंय, असं मला वाटलं.

तीन महिन्यांनी माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. ते पुढे वाढलं नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास आणि मी सांगलीला परत. नवरा रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर इंजिनियर. पंधरा दिवसांतून एकदा भेट. आधीच्या वर्षी एकदा दिवस राहिले होते, पण गर्भ टिकला नव्हता. त्यामुळे या खेपेला सही होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. कायद्यात इथेही बाळंतपणाची रजा आहे. पण कॉन्ट्रॅक्ट वाढवणं न वाढवणं मालकाच्या मर्जीवर असतं, आणि न वाढवण्याचं खरं कारण कागदावर कुणी लिहीत नाही.

खरं तर माझ्यासारख्या कामात पहिल्याच दिवशी कळवायचं असतं. किरणांजवळ उभं राहायचं नसतं, किरणं मोजणारा वेगळा बिल्ला लावायचा असतो. हे सगळं मी शिकलेली होते, आणि तरी गप्प होते. त्याचा अपराधीपणा रोज सकाळी शिशाचं ओझं, तो एप्रन, चढवताना वाटायचा.

रविवारी नवीन ड्युटी लागली. माझं नाव ऑपरेशन थिएटरमधल्या एक्स-रेवरून आणि सीटी स्कॅनवरून काढलेलं होतं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जुन्या फिल्म्स लावायच्या. मी ताईंच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. फाइलींचा ढीग साठलाय. कुणीतरी करायलाच हवं." त्यांनी मान वर केली नाही.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "कळलं तुला? तुला बिनमहत्त्वाच्या कामावर बसवलं. उद्या म्हणतील, ही बाई नसली तरी विभाग चालतो. या बाईपासून जपून राहा."

मलाही तेच वाटलं होतं. त्याच्या तोंडून आल्यावर पक्कं झालं. त्यानंतर ताईंचं प्रत्येक वागणं मी तपासू लागले. त्यांनी जेवलीस का विचारलं तरी वाटायचं, उलटी झाली का ते काढून घेताहेत. एकदा त्या माझ्यासाठी आवळ्याची सुपारी घेऊन आल्या. मी ती टेबलाच्या खणात टाकली, खाल्ली नाही.

पुढच्या आठवड्यात मी रजा टाकून रियाधला निघाले. हाइलमध्ये तपासणी केली असती तर बातमी हॉस्पिटलात पोचायला वेळ लागला नसता. तिकीट कुणाला न सांगता काढलं होतं. स्टेशनात शिरले तर समोर ताई. हातात छोटी बॅग, डोक्यावर ढळलेली ओढणी. ही माझ्या मागावर आहे का?

"अगं, तू पण?" त्या म्हणाल्या. "मी मतदानाला चाललेय. दूतावासात आधीच मत देता येतं."

"माझं पासपोर्टचं काम आहे," मी म्हणाले.

त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि डब्यात शेजारच्याच सीटवर येऊन बसल्या. बाहेर लाल वाळू आणि मधेच शेतांची हिरवी वर्तुळं दिसत होती. त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. भूक इतकी लागली होती की मी चार खाल्ल्या आणि स्वतःवरच चिडले.

"मत नाही दिलं तर दंड होतो ना तुमच्याकडे?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"देशाबाहेर असलं तर नाही. पण मी चुकवत नाही. पर्थमध्ये पहिल्यांदा रांगेत उभी राहिले ना, तेव्हा मागचा माणूस मला म्हणाला, ही रांग नागरिकांची आहे. तेव्हापासून नाही चुकवत."

"आणि मत कुणाला देणार? रजेच्या बाजूने की विरुद्ध?"

"ते मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

रियाधला तपासणी चांगली झाली. बाळाचे ठोके ऐकले आणि मला रडू आलं. परतीच्या वाटेवर मी ठरवलं की आता कुणाला तरी सांगायलाच हवं. ताईंना सांगायचा प्रश्नच नव्हता. मी डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी खुर्चीवरून उठून माझे दोन्ही हात हातात घेतले. "किती छान बातमी! काळजी करू नकोस. रजा हा तुझा हक्क आहे." त्यांनी मला मुलींचे फोटो दाखवले. मी केबिनबाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्याला सांगितलं, "बघ, या जगात माणसं आहेत."

बारा दिवसांनी एचआरचं पत्र आलं. कॉन्ट्रॅक्ट वाढवलं जाणार नाही.

मी पत्र घेऊन तडक एचआरमध्ये गेले. तिथला इजिप्शियन कारकून भला माणूस होता. त्याच्या आईचे एक्स-रे मीच काढले होते. मी म्हणाले, "मला एवढंच सांगा, माझ्या सुपरवायझरने काय लिहिलं?" त्याने दाराकडे पाहिलं, फाइल उघडली आणि माझ्याकडे वळवून ठेवली.

फॉर्मवर दोन रकाने होते. सुपरवायझरच्या रकान्यात ताईंचं ठसठशीत अक्षर: कॉन्ट्रॅक्ट वाढवावं, काम उत्तम, पुढील काही महिने किरणांपासून दूरची ड्युटी द्यावी. खालच्या रकान्यात विभागप्रमुखांची सही: विभागाची गरज पाहता वाढवू नये. ताईंच्या सहीखालची तारीख मी डॉक्टरांकडे जाण्याच्या आठवडाभर आधीची होती. डॉक्टरांची सही मी त्यांना सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

संध्याकाळी मी ताईंच्या दारात उभी राहिले. "तुम्हाला कधी कळलं?"

"तू एकावर एक दोन शिशाचे एप्रन घालायला लागलीस तेव्हा. इतकी वर्षं या कामात आहे मी. पाठ मोडणारं ते वजन कुणी हौसेने दुप्पट करत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगत नव्हतीस, म्हणजे तुला सांगायचं नव्हतं. पण तुला त्या मशीनजवळ उभी राहू देणं मला शक्य नव्हतं. काढलं तिथून."

"पण तुम्ही तर रजेच्या विरुद्ध बोलता!"

त्या म्हणाल्या, "मुलगा झाला तेव्हा मी पर्थला रोजंदारीवर होते. मला एक दिवसाची रजा मिळाली नाही. आणि पक्क्या नोकरीतल्या बायका रजेवर गेल्या की त्यांच्या पाळ्या माझ्या गळ्यात पडायच्या. घरी तान्हं मूल, आणि मी दुसऱ्यांच्या बाळांसाठी डबल ड्युटी करतेय. त्याचा राग आहे मला. त्याला मत म्हणायचं की नाही, मला नाही माहीत."

मी तिथेच पायपुसण्याजवळ उभी होते. माफी मागायची होती, पण कशाबद्दल मागते आहे हे सांगितलं असतं तर त्यांना आणखी लागलं असतं. मी नुसती मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं. ते चपापले नाहीत, हेच मला जास्त लागलं. "हे वैयक्तिक नाही," ते शांतपणे म्हणाले. "इथे बदली माणूस आणायला सहा महिने लागतात. तुझी रजा मी कुठून भरून काढू? म्हणून तर माझं म्हणणं आहे की हा भार सरकारने उचलला पाहिजे."

"मग काळजी करू नकोस असं का म्हणालात?"

"तुला बरं वाटावं म्हणून," ते म्हणाले. आणि मला वाटतं, ते खरं बोलत होते.

ताईंनी मला बसवून लेखी अर्ज करायला लावला: मी गरोदर आहे, अमुक दिवशी विभागप्रमुखांना तोंडी कळवलं होतं, त्यानंतर हे पत्र आलं. अर्जाची प्रत त्या स्वतः मेडिकल डायरेक्टरांकडे घेऊन गेल्या. आत काय बोलणं झालं, मला कळलं नाही. चार दिवसांनी माझं कॉन्ट्रॅक्ट एका वर्षासाठी वाढलं. पण मनातून मी तेवढ्यावरही विश्वास ठेवला नाही. सहीशिक्क्याच्या पानाचे फोटो काढून तीन ठिकाणी पाठवून ठेवले.

मुलगी जुबैलला झाली, नवऱ्याच्या प्लांटपासून जवळच्या शहरात. रजेवरून परतले तेव्हा ताईंची मुदत संपून त्या पर्थला गेल्या होत्या. त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं, आणि दोघींचं काम माझ्या एकटीवर पडलं. डॉक्टरांनी बाळासाठी मऊ लोकरीचं पांघरूण दिलं. मी धन्यवाद म्हटलं. मुलगी तेच घेऊन झोपते आणि ते फेकून देण्याइतका राग मला कधी आला नाही.

कॉन्ट्रॅक्टचं वर्ष संपल्यावर मी जुबैलच्या एका क्लिनिकमध्ये मुलाखतीला गेले. समोर एक लेबनीज बाई होती, गोड बोलणारी. तिने मुलीचं नाव विचारलं, वय विचारलं, तिला सांभाळणं किती अवघड असेल म्हणून हळहळली. मग पेन हातात घेऊन अगदी सहज म्हणाली, "आणि दुसऱ्याचा काही विचार?"

"अजिबात नाही," मी म्हणाले.

ती हसली आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. अक्षर अरबी होतं. मला वाचता आलं नाही. नोकरी मात्र मिळाली.