पुढच्या पानावरचा कोड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर त्या संध्याकाळी त्याच सोफ्यावर बसला होता, बडीशेप चघळत. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता भीती पोटात मावत नाही म्हणून? थांबा, जरा पाणी पिते.

आधी माझ्या मोठेपणाचं सांगते, सगळं तिथूनच सुरू झालं. लग्नाआधी पुण्यात काही महिने मी एका ऑफिसात होते. तिथे अमेरिकेतल्या लोकांचे टॅक्स रिटर्न भरायचे. मी काय करायचे? कागद स्कॅन करायचे, फाइलला नाव द्यायचे, फोल्डरमध्ये टाकायचे. खलास. आत काय लिहिलंय ते वाचायची वेळच कधी आली नाही. पण मस्कतला आल्यावर एका हळदीकुंकवासारख्या — नाही, वाढदिवस होता कुणाचा तरी — तिथे कुणीतरी विचारलं, "वहिनी, तुम्ही अमेरिकन टॅक्सचं काम केलंय ना?" मी म्हटलं, "केलंय की." हे खोटं होतं का? तसं नव्हतं. पण खरंही नव्हतं. बस, लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी उतरलेच नाही.

इथे तेलकंपन्यांत अशी माणसं पुष्कळ. चार-पाच वर्षं ह्यूस्टनला काढून गल्फमध्ये आलेली. तिथलं काहीतरी अर्धवट राहिलेलं असतंच. मग शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या अल् घुब्राच्या फ्लॅटवर यायचे, कागद घेऊन. मी चष्मा लावायचे, "हं" म्हणायचे, चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचे आणि मोबाईलवर शोधून यायचे. कुणाचं काही बिघडलं नाही. एकदाही नाही. म्हणून तर मी माजले.

प्रशांत माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला इंजिनियर. तोही ह्यूस्टनहून आलेला. बायको, मुलगी, आणि राहायला पार माबेलाला, कारण तिथे भाडं परवडतं. त्याची ताई मात्र ह्यूस्टनलाच होती. आई लहानपणीच गेली, ताईनेच त्याला वाढवलं. आमच्याकडे जेवायला आला की आमटीचा पहिला घास घेऊन म्हणायचा, "ताईसारखी नाही हां, वहिनी." मला राग यायचा. आता वाटतं, हजार वेळा म्हण बाबा.

ताई आजारी पडली. साधंसुधं नाही, डॉक्टरांनी येऊन भेटून जा म्हणून सांगितलेलं. व्हिसा होता, तिकीट काढलं होतं. आणि निघायच्या आधी त्याने सहज म्हणून अमेरिकेच्या टॅक्सखात्याच्या वेबसाइटवरून स्वतःच्या खात्याचा उतारा काढला. मागच्या रिटर्नचा परतावा अडकला होता, तो आला का बघायला. त्या उताऱ्यात शब्द कमी आणि आकडे जास्त असतात. प्रत्येक व्यवहाराला तीन आकड्यांचा कोड, शेजारी तारीख. त्याला एक कोड दिसला — पाचशे सत्तर. तो घाबरला आणि थेट माझ्याकडे आला.

तुम्ही म्हणाल, टॅक्सच्या कोडला घाबरून कुणी प्रवास थांबवतं का? भारतात बसून हसाल तुम्ही. इथे नाही हसणार. इथे कुणाचा चेक परत गेला, कुणावर बँकेची केस पडली, की माणूस विमानतळावरूनच परत. बॅगा चेक-इन झालेल्या, पोरं कडेवर, आणि काउंटरवरचा शिपाई कॉम्प्युटरकडे बघून मान हलवतो. प्रशांतच्याच बिल्डिंगमधला एकजण असा परत आला होता. त्यामुळे आमच्या डोक्यात एकच गणित पक्कं बसलेलं — सरकारी कॉम्प्युटरवर नावापुढे काहीतरी अडकलंय, म्हणजे विमानतळावर अडवणार. तिथला टॅक्स वेगळा, तिथला विमानतळ वेगळा, हे सुचतच नाही. त्याला सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं?

मी स्वयंपाकघरात गेले. मोबाईलवर शोधलं. पाचशे सत्तर म्हणजे खात्यावर रोक. त्याच्याखाली नऊशे एक्काहत्तर, म्हणजे नोटीस पाठवलीय. नोटीस! कुठे गेली असेल, जुन्या पत्त्यावर? बाहेर येऊन काय सांगायचं? "मला यातलं काही कळत नाही, प्रशांत" — एवढंच सांगायचं होतं. पाच सेकंदांचं काम. पण जीभ रेटली नाही. इतक्या वर्षांचा चष्मा आणि "हं" — सगळं एका वाक्यात उतरवायचं?

मग विचार केला. जा म्हटलं आणि त्याला तिथे अडवलं, तर माझ्या नावाने खडे फोडतील. जाऊ नको म्हटलं तर? जाऊ नको म्हणणाऱ्याला कधी कुणी दोष देत नाही. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं होतं, चहा उकळत असताना. मी बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हे क्लिअर होईपर्यंत निघू नकोस. रिस्क नको."

त्याचा चेहरा पडला. "ताई वाट बघतेय, वहिनी." मी म्हटलं, "थोडं थांब. इन्शाल्ला होईल सगळं नीट." माझा नवरा म्हणाला, "ती म्हणतेय तर थांब रे, तिला कळतं त्यातलं."

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली, अज्ञान होतं. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण मी अजून मूळ गोष्टीवर आलेलेच नाही. फिरतेय आजूबाजूला, दिसतंय ना तुम्हाला?

कागद तो माझ्याकडेच ठेवून गेला होता, निवांत बघा म्हणून. रविवारी मी तो गाला भागातल्या माझ्या ऑफिसात नेला. आमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान-कम-ऑफिस, खाली गॅरेजची ठोकाठोक. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून कागद उघडला, आणि पहिल्यांदा पान उलटलं. हो — पहिल्यांदा. त्या संध्याकाळी घाबरून मी दुसरं पान पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या पानावर एकच ओळ होती. पाचशे एक्काहत्तर. शोधलं. रोक उठवली. शेजारची तारीख तो माझ्याकडे आला त्याच्या कितीतरी आधीची. काहीच अडकलेलं नव्हतं! आणि अडकलेलं असतं तरी विमानतळाशी त्याचा काही संबंध नव्हता, हेही मोबाईलवर तिथेच पुढे वाचलं.

ताई तेव्हा जिवंत होती.

मी फोन लावला. खरंच लावला, हे तरी माझ्या बाजूने — नाही, बाजू कसली. त्याने उचलला आणि मी बोलायच्या आत म्हणाला, "वहिनी, बरं झालं तुम्ही वेळेत सांगितलंत. तिकीट कॅन्सल केलं. सगळ्यांना सांगितलं, वहिनी नसत्या तर अडकलोच असतो."

सगळ्यांना सांगितलं. आता खरं बोलले तर सगळ्यांनाच कळणार. माझ्या हातात फोन, समोर ती ओळ, आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "जेवलास का?"

तो म्हणाला, जेवलो. मी म्हटलं, बरं. आणि ठेवला.

मग त्या आठवड्यात रोज वाटायचं, आज सांगू. उद्या सांगू. तो हळूच सांगायचा, ताई विचारते कधी येतोस. मी विषय बदलायचे. शुक्रवारी पहाटे ताई गेली. अंत्यसंस्कार त्याने मोबाईलवर पाहिले, माबेलाच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून. मी त्याच्या बायकोच्या शेजारी होते. तिचा हात माझ्या हातात होता.

ताईसाठीचं पुण्यानुमोदन त्यांनी घरीच ठेवलं. बुद्धमूर्तीशेजारी ताईचा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. सगळ्यांबरोबर मीही हात जोडून पंचशील म्हणत होते. चौथ्या शीलावर आले — मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन — आणि माझा आवाजच फुटेना. ओठ हलवले नुसते. शेजारणीला वाटलं, मला भरून आलंय. तिने पाठीवर हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

तेव्हापासून त्याचं नाव मोबाईलवर उमटलं की वाटतं, कळलं याला. त्याच्याकडे कागद नाही, तो मी केव्हाच फाडला. पण उतारा तिथे वेबसाइटवर आहेच ना! कधीही काढता येतो. पान उलटायला कितीसा वेळ लागतो?

आणि आता त्याची मुलगी, रिया. अमेरिकेत शिकायला निघालीय. तिथे कॉलेजात पार्टटाइम काम करणार, म्हणजे टॅक्स आला. प्रशांतनेच तिला माझ्याकडे पाठवलं, काकूंकडून सगळं समजून घे म्हणून. गेल्या शुक्रवारी आली. शाळेत सगळं इंग्रजी, त्यामुळे मराठी अडखळत बोलते. टॅब उघडला आणि म्हणाली, "काकू, बाबांचा जुना पेपर डाउनलोड केलाय. ह्याच्यावर मला शिकवा ना?"

मी नाही म्हणू शकले असते. कसलंही कारण चाललं असतं. चष्मा लावला.

ती एकेका कोडवर बोट ठेवत गेली, मी सांगत गेले. आता मला सगळे येतात हो, भीतीने पाठ झालेत. पाचशे सत्तर आला. ती थांबली. "हाच ना? ह्याच्यामुळे तुम्ही बाबांना सेव्ह केलं?"

मी मान हलवली. तिने पान वर सरकवलं. पाचशे एक्काहत्तर. "आणि हा, काकू?"

"रोक उठली," मी म्हटलं.

"मग बाबा जाऊ शकत होते?"

तारीख तिच्या बोटाशेजारीच होती. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "तो कोड नंतर आला, बाळा."

तिने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.