उशीत शिवलेली सायकल

माझी भाची पुढच्या महिन्यात सायकल घेऊन लेहला चालली आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, पाने, चेन, पेडल हे सगळं विमानात कसं न्यायचं गं? नेटवर एक जण एक सांगतो, दुसरा दुसरं." मी म्हटलं, बाई, तू अगदी योग्य माणसाला विचारलंस. मी नेलं आहे. १९८६ साली, नागपूरहून दिल्लीला, आणि आमची सायकल उशीत होती. फोनवर सांगत बसले असते तर तिचं बॅलन्स संपलं असतं, म्हणून इथेच लिहिते. तुमच्यापैकी कोणी निघालं असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

आम्ही नाचणगावचे. घरची थोडी कपाशी, आणि शेजारी पुलगावात बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि काखेत कुबड्या, अशी मी बी.ए. झाले. हातानं फिरवायच्या तीनचाकी गाड्या तेव्हाही मिळायच्या, पण त्या सपाटीच्या. जरा चढ आला की गाडी ठप्प, मग मागून कोणीतरी ढकलणार. बाबा म्हणायचे, "ढकलाले मानूस लागते तं गाडी कायले पाह्यजे?" दोन वर्षं खपून त्यांनी एक गाडी बनवली. तिच्या मागच्या फ्रीव्हीलला त्यांनी दोन दातेरी चाकं बसवली होती, लहान सपाटीसाठी आणि मोठं चढासाठी. दांडी ओढली की चेन एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची. दाता न् दाता बाबांनी कानशीनं घासलेला.

गावातल्या एका मास्तरांनी दिल्लीच्या एका कार्यालयाला पत्र टाकलं, आणि बाप्पा, उत्तर आलं! ते लोक अशाच तीन गाड्या तपासणार होते. बाबांच्या आणि माझ्या विमानाच्या तिकिटासह बोलावणं होतं. अट एकच होती. गाडी वापरणाऱ्यानंच चालवायची, मैदानातला चढ चढून दाखवायचा, आणि मध्ये कोणी हात लावला की गाडी बाद. विमानाच्या तिकिटाची किंमत बाबांनी मास्तरांना एकदा विचारली आणि परत कधीच विचारली नाही.

गाडीचा सांगाडा आठ दिवस आधी रेल्वेच्या मालडब्यातून रवाना केला. पण फ्रीव्हील, चेन, बेअरिंगचे छर्रे आणि एक्सल बाबांनी काढून ठेवले. "सांगाडा कोनी चोरत नाई. पन माह्यं फ्रीव्हील गेलं तं दुसरं कोठून आनू?" आता हे सोबत कसं न्यायचं? इथे आई पुढे आली. आमच्याकडे जे फुटू नये, हरवू नये, ते कापसात जातं. बांगड्या कापसात, देव कापसात, आणि मडक्यातली अंडीसुद्धा कापसात. आईनं त्या वर्षीचा नवा कापूस घेऊन उशी भरली, मधोमध सगळे भाग घातले आणि तोंड दुहेरी टाक्यानं शिवून टाकलं. छर्रे कुंकवाच्या रिकाम्या डबीत, पाने आणि कानस चिंधीत गुंडाळून.

"पिशवी चोरते, ट्रंक चोरते," आई म्हणाली, "डोक्याखालची उशी कोन चोरते?"

बाबांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी उशी दोनदा दाबून पाहिली. आणि खरं सांगते, बी.ए. झालेल्या मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या डोक्यात प्रवास म्हणजे आगगाडी, आणि आगगाडीत धोका चोराचा. विमानात तपासतात ते कशाला, हे पेपरात वाचलं होतं, पण विमान पळवणारे लोक वेगळे आणि आपण वेगळे, नाही का?

निघालो सकाळच्या एस.टी.नं. डिसेंबर होता, खिडकीतून गार वारा. पुलगावहून वर्धा, तिथे गाडी बदलायची. स्टँडवर गोरसपाक, म्हणजे वर्ध्याची तुपातली बिस्किटं, घ्या, प्रवासात टिकतो आणि पोट धरतो. पुढे पवनारला धामचा पूल लागतो. नदीचं पाणी खाली काळ्या दगडांतून वाहत होतं. माझ्या मांडीवर उशी, उशीवर सांबारवड्यांचा डबा. हिवाळ्यातल्या कोवळ्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, या वड्या आईसारख्या कोणी करत नाही. रस्त्याला खड्डा आला की उशीच्या पोटात खळकन वाजायचं आणि शेजारची बाई माझ्याकडे बघायची.

एस.टी.त चढताना कंडक्टरनं मला काखेत धरून वर घेतलं, नागपूरला उतरताना एका प्रवाशानं. चांगली माणसं होती. पण माझ्या आयुष्यात असं रोज व्हायचं, पाच-पाच वेळा. मागून हात यायचे आणि मी हवेत. रागवायचं कोणावर? मदतच तर करत होते.

सोनेगावच्या विमानतळावर पोहोचलो. आजच्यासारखा लखलखाट नव्हता, साधीशी इमारत. काउंटरवरच्या माणसानं आमची बॅग वजन करून घेतली आणि उशीकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "अजी, उशी कोनी लगेजात टाकते का?" तो हसला, म्हणाला असू द्या. ही पहिली चूक, भाचीबाई. लक्षात ठेव, तिथेच देऊन टाकायचं.

तपासणीच्या चौकटीतून मी गेले आणि ती अशी किंचाळली की पुढचा माणूस दचकला. माझे कॅलिपर! एक महिला शिपाई मला पडद्यामागे घेऊन गेली. हिंगणघाटची निघाली. पट्ट्या बोटानं वाजवून पाहिल्या आणि म्हणाली, "किती जड हाय वं हे! दिवसभर घालतं?" मी म्हटलं, "सवय हाय." माझं माहेरचं कोणी भेटावं तसं वाटलं.

बाहेर येते तो टेबलाशी बाबा, समोर फौजदार, आणि मध्ये उशी. एका शिपायानं तिच्यावर नुसता तळवा ठेवला होता आणि तो काढायला तयार नव्हता.

"काका, काय हाय यात?" शिपायानं विचारलं.

"कापूस."

"अन् आनखी?"

बाबा आयुष्यात खोटं बोलले नाहीत आणि अर्धवटही बोलले नाहीत. "फ्रीव्हील हाय, चेन हाय, एक्सल हाय, दोन पाने, एक पेचकस, एक कानस. अन् पंचर काढाच्या सोलुशनची ट्यूब."

चार माणसं एकदम मागे सरकली. त्या वर्षांत विमानतळावर सगळेच तणावात असायचे, आणि ज्या माणसानं लोखंड उशीत शिवून आणलं आहे त्याला साधा कोण म्हणेल? उशी बाहेर नेली, वाळूच्या पोत्यांमागे ठेवली, आणि बाबांनाच ब्लेड देऊन उसवायला लावली. आईचा दुहेरी टाका! बाबा घामाघूम झाले. शेवटी शिवण सुटली आणि वाऱ्यानं नवा कापूस उधळला. फौजदाराच्या मिशीला कापूस, टोपीला कापूस. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

फौजदार उत्तरेकडचा होता. एकेक वस्तू उचलून बघत होता. "ये सब केबिन में नहीं जाएगा। और सामान तो लग चुका है। छोड़ दीजिए यहीं।"

"साहेब, मंग जाऊन काय करू?" बाबा म्हणाले. "गाडी तिकडं गेली, जीव इकडं हाय."

"गाड़ी? कौन सी गाड़ी?"

बाबा समजावू लागले. घाबरले की त्यांचं हिंदी पार वऱ्हाडी व्हायचं. फ्रीव्हील हातात फिरवून दाखवत होते, टिकटिकटिक, आणि फौजदाराला ती टिकटिक अजिबात आवडत नव्हती. घड्याळात वेळ संपत चालला होता. फ्रीव्हीलशिवाय गेलो असतो तर दिल्लीत सांगाडा नुसता मैदानात उभा राहणार होता. दोन वर्षं पाण्यात.

मग मी बोलले. आमच्या नागपुरी हिंदीत, आणि जे घरात कधीच बोलले नव्हते ते.

"साहब, मेरे को बाईस साल से लोग उठाके रखते. बस में उठाते, रेल में उठाते, शादी में गई तो मंडप में उठाते. पूछते नहीं. बोरा कभी बोलता है क्या, मेरे को उठाओ के नको? उस गाडी में बैठी तो मेरे को कोई हात नहीं लगाता. ये सामान नहीं गया, तो दिल्ली के साहब लोग के सामने भी मेरे को उठाकेच उतारेंगे. मेरे को नहीं जाना फिर."

आवाज चढला होता. मी फौजदाराकडे बघत बोलत होते, कारण बाबांकडे बघायची हिंमत नव्हती. सगळ्यात जास्त वेळा मला उचललं होतं ते बाबांनीच ना! लहानपणी शाळेत, दवाखान्यात, जत्रेत. त्यांना असं ऐकवायचं नव्हतं मला.

फौजदारानं मिशीवरचा कापूस पुसला आणि शिपायाला म्हणाला, "लोडर को रोको। ये नीचे जाएगा, होल्ड में। ट्यूब नहीं जाएगी।" बांधायला काही नव्हतं, म्हणून बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यात सगळं गुंडाळून गाठ मारली. हिंगणघाटची ती शिपाईण खाली बसून कापूस गोळा करत होती. बाबा म्हणाले, "राहू दे माय, वाती वळजो."

तेव्हा विमानाजवळ सगळ्यांचं सामान जमिनीवर मांडून ठेवायचे. प्रत्येकानं आपल्या बॅगेवर हात ठेवून ओळख पटवायची, तरच ती आत जायची. सुटकेसींच्या रांगेत आमचं मळकं गाठोडं. बाबांनी त्यावर हात ठेवला.

शिडीपाशी आलो. एरवी बाबांनी विचार न करता मला घेतलं असतं. आज ते नुसते उभे राहिले. हात अर्धे पुढे आले, परत मागे गेले. त्यांचा चेहरा मला बघवेना. पायऱ्या उंच होत्या, लोक खोळंबले होते. मीच म्हटलं, "घ्या बाबा." त्यांनी घेतलं. विमानात आम्ही दोघं खिडकीतून नुसते ढग बघत बसलो. सांबारवड्यासुद्धा नीट खाल्ल्या गेल्या नाहीत.

दिल्लीची थंडी नाचणगावच्या स्वेटरला ऐकत नाही, जाड काहीतरी न्या. उतरलो होतो एका सरकारी वसतिगृहात. सांगाडा आला होता, फक्त मडगार्ड चेपलेलं. पण फ्रीव्हील बसवलं तर ते अडकायला लागलं. आईचा कापूस! ग्रीसमध्ये बारीक तंतू शिरून आतल्या कुत्र्यांना गुंडाळले होते. कुत्रे म्हणजे ते लहान खिळे, जे चाकाला एकाच दिशेनं धरतात. बाबांनी आचाऱ्याकडून वाटीभर रॉकेल मागून आणलं, सगळं खोललं आणि माझ्या केसातली पिन घेऊन एकेक तंतू काढत बसले. दोन तास. तुला सांगते भाचीबाई, कापसात काहीही बांध, ग्रीस लावलेलं लोखंड बांधू नको. आधी कागद, मग प्लॅस्टिक, आणि पाने वेगळे.

दुसऱ्या दिवशी मैदानात पहिल्या दोन गाड्या चढावर अर्ध्यात थांबल्या. मग मी निघाले. दांडी ओढली, चेन मोठ्या चाकावर गेली आणि गाडी हळूहळू, अगदी बैलबंडीच्या चालीनं, वर जाऊ लागली. मध्ये एकदा दम संपला आणि चाक थबकलं. एक भला माणूस धावत आला. मी ओरडले, "हात नका लावू!" त्याला मराठी येत नव्हतं, पण समजलं त्याला. बाबा तिकडे लांब उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. ते जागचे हलले नाहीत. मी चार श्वास घेतले आणि वर गेले. वरून दिल्लीत काय काय दिसत होतं देव जाणे, मला फक्त बाबा दिसत होते.

निकालाचं सांगून टाकते. तीन महिन्यांनी पत्र आलं, निवड दुसऱ्याच कारखान्याच्या हलक्या गाडीची झाली. बाबांना वाईट वाटलं, मला जास्त. पण पुढे त्यांनी देवळी-पुलगावच्या लोकांसाठी तशा बऱ्याच गाड्या बनवल्या, आणि मी माझी गाडी घेऊन बारा वर्षं शाळेत शिकवायला गेले. आज विमानतळावर व्हीलचेअर मिळते, माणसं अदबीनं वागतात. तरी विमानाचा सगळ्यात चांगला प्रवास कोणता म्हणाल, तर मी तोच सांगेन.

परतीचा प्रवास आगगाडीचा होता, माझी तीनचाकी सामानाच्या डब्यात. वर्धा ईस्टला उतरायचं होतं, आता त्या स्टेशनाला सेवाग्राम म्हणतात. फलाटावर माझा मोठा भाऊ आला होता. दार उघडलं तसा नेहमीसारखा हसत पुढे झाला आणि दोन्ही हात माझ्या काखेकडे नेले. मागून बाबांनी त्याचं मनगट धरलं. प्रवासभर ते माझ्याशी त्या विषयावर बोलले नव्हते.

"थांब," बाबा म्हणाले. "आदी इचार तिले."

दादा गोंधळला. "काऊन? काय झालं?"

"काई नाई झालं. इचार."

दादानं विचारलं. बिचारा लाजला, कारण असं कोणी कोणाला विचारत नाही आमच्यात. मी पायऱ्यांकडे बघितलं, कुबड्या खाली दिल्या, दांडा धरला आणि म्हटलं, "नको. उतरते मी." चांगलाच वेळ लागला. गाडीनं शिटी दिली, गार्डानं हिरवी झेंडी खालीच धरली, आणि ते दोघं बापलेक माझ्या दोन्ही बाजूंना हात खाली सोडून उभे राहिले.