हुंकारा कोण देणार?

माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "छह हफ्ते बोलना बिलकुल बंद. फुसफुसाना भी नहीं." गाठ निघाली होती, ती साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती आणि सोडवताना ती दुखावली. सहा आठवड्यांत आवाज आला तर आला, पुढे आशा कमी, असं त्यांनी आमच्या ह्यांना दाराबाहेर नेऊन सांगितलं. मला ऐकू जाणार नाही असं दोघांना वाटलं असावं. गळा कापला होता, कान शाबूत होते. मी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

मी फारशी गोड बोलणारी बाई नव्हते. तरी माझा सगळा धंदाच बोलण्यावर चालायचा. वीस वर्षं मी पिपलानीच्या, म्हणजे आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या, क्वार्टरांमधून लोककथा गोळा करत हिंडत होते. कारखान्यात नोकरीला आलेल्यांच्या आया आणि सासवा वर्ध्याकडच्या, बैतूलकडच्या, सागरकडच्या. येताना त्यांनी ट्रंका आणल्या, पाटे-वरवंटे आणले आणि गोष्टी आणल्या. सकाळी भोंगा झाला की हे स्कूटर काढून कारखान्यात जात आणि मी वही घेऊन कुणाच्या तरी व्हरांड्यात जाऊन बसे. घरी आल्यावर गोष्ट कार्डांवर उतरवायची आणि कार्डं बुटांच्या खोक्यात लावायची. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी वाटे, ह्या माणसांना चपलांचा भारी शौक दिसतो.

पुस्तकं तर विचारूच नका. ती पलंगाखाली होती, फ्रिजवर होती आणि जाड शब्दकोश खिडकीत होता, कारण ती मांजरीची जागा होती. ही मांजर आम्ही पाळलेली नव्हती. पेरूच्या झाडावरून एकदा खिडकीत उतरली आणि शब्दकोशावर बसली ती बसलीच. त्यानंतर मला एखादा शब्द बघायचा झाला की आधी तिची मनधरणी करावी लागे.

घरी परत आल्यावर सगळ्यात जास्त गोंधळली ती मांजर. रोज संध्याकाळी मी मागच्या दारातून तिला हाक मारायची. आता दार उघडायचं, मी उभी असायची आणि हाक नाही. ती भिंतीवरून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी रुसले आहे असं तिला वाटलं असावं, कारण तीही रुसली आणि दोन दिवस दुधाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी ती आली, माझ्या गळ्याच्या पट्टीचा वास घेतला आणि माझ्या पोटावर येऊन झोपली. मी मुक्यानं पुष्कळ रडले. इतर कोणापुढे मला ते जमलं नव्हतं.

आता आजींबद्दल सांगायला हवं. समोरच्या ओळीत कारखान्यात लेथवर काम करणारे एक टर्नर राहायचे, त्यांच्या ह्या आई. ऐंशीच्या पुढच्या, वर्धा नदीकाठच्या एका खेड्यातल्या. माझ्या खोक्यांपैकी दोन खोकी एकट्या आजींची होती. दर बुधवारी दुपारी त्या आमच्या व्हरांड्यात येत, चहा बशीत ओतून पीत आणि गोष्ट सुरू करत. त्यांचा नियम एकच. ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. दर वाक्याला "हं" म्हणायचं. "हं" चुकला की आजी थांबत. "ऐकनारं झोपलं तं सांगनारानं काहून दमाव?" असं म्हणत. आणि एकदा सुरू केलेली गोष्ट ज्याच्या हुंकाऱ्यावर सुरू झाली, त्याच्याच हुंकाऱ्यावर संपवायची. दुसऱ्याला अर्धी गोष्ट द्यायची नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या बुधवारी त्यांनी एक गोष्ट सुरू केली होती. नदीपल्याड दिलेली एक सून. तिची आई आजारी पडते, निरोप येतो. सासू म्हणते, अंगणातल्या मुसळाला पान फुटेल त्या दिवशी माहेरी जा. सून मुसळ मातीत रोवते आणि रोज त्याला पाणी घालते. एवढं झालं आणि टर्नरांचा फोन आला, आजींना घरी बोलावलं. अर्धी गोष्ट तशीच राहिली. माझ्या वीस वर्षांत ही गोष्ट मी कुणाकडूनच ऐकली नव्हती. आणि टर्नर दोन महिन्यांत रिटायर व्हायचे होते. क्वार्टर सोडून सगळं घर गावी जाणार होतं, आजींसकट.

तिसऱ्या आठवड्यात आजी मला बघायला आल्या. मी पाटीवर लिहिलं, "गोष्ट पुरी करा ना." आजींना वाचता येत नव्हतं. ह्यांनी ते कवायतीच्या आवाजात वाचून दाखवलं.

"सांगतो नं," आजी म्हणाल्या. "पन हुंकारा कोन देइल?"

"मी देतो की!" हे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. आजींनी जरा विचार केला. आजारी बाईसाठी नियम वाकवायला त्या तयार झाल्या असाव्यात. त्यांनी एक वाक्य सांगितलं.

"ओके," हे म्हणाले.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनते वं हा मानूस? गोष्टीले ओके म्हनते!" त्या इतक्या हसल्या की चहा बशीतून सांडला. तेवढ्यात मांजर त्यांच्या मांडीवर चढून घुरघुरायला लागली, तेव्हा म्हणाल्या, "हे पाय, हिचा हुंकारा तुह्यापेक्षा बरा आहे. पन हिले समजते काय?" गोष्ट काही पुढे सरकली नाही.

आमचे हे डिझाइन विभागातले इंजिनिअर. अडचण दिसली की त्यांना उपाय सुचतो आणि तो बहुधा यंत्राचा असतो. माझ्याकडे आजींच्या जुन्या गोष्टींच्या कॅसेटी होत्या आणि त्यांत माझे "हं" होते. ह्यांनी दोन रात्री जागून ते "हं" एका कॅसेटवर उतरवून काढले. पुढच्या बुधवारी आजी आल्या तेव्हा हे टेपरेकॉर्डर घेऊन तयारच होते. त्यांच्या तोंडावरचा आनंद पाहून मला नाही म्हणवेना. पाटी हातात होती तरी म्हणवेना.

आजींनी सांगायला घेतलं, "मंग त्या सुनेनं घागर उचलली." ह्यांनी बटण दाबलं. "हं," मी म्हणाले, म्हणजे माझा जुना आवाज म्हणाला. महिन्याभरानं मी माझा आवाज ऐकत होते. "इकडं तिची माय तिच्या वाटेकडं डोये लावून बसली." "हं." "माय पानी मागे, पन नरड्याखाली उतरेना." "हं."

आजी थांबल्या. ह्यांनी पुन्हा बटण दाबलं. "हं," मशीन म्हणालं. "हं. हं."

"बंद कर बाबू ते," आजी हलकेच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वाईट नको मानू बाई. पन तू असाच देत होती हुंकारा. माय मरो का लगीन लागो, एकच हं. हात तुहा वहीत राहे. मी म्हनो, जाऊ दे, लिवते बिचारी."

मी हुशार बाई. दोन पुस्तकांच्या प्रस्तावनांमध्ये मी हुंकाऱ्यावर पानं भरली होती, तो कथनाचा अर्धा भाग असतो वगैरे. आणि स्वतःचा हुंकारा सरकारी शिक्क्यासारखा मारत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला त्या दिवशी आवाज गेल्यापेक्षा ह्याची जास्त लाज वाटली. आजी गेल्यावर मी त्यांच्या सगळ्या कॅसेटी एकामागून एक ऐकल्या, आणि त्या बोलत होत्या तसंच होतं. एका कॅसेटमध्ये तर त्यांच्या स्वतःच्या मेलेल्या मुलीचा विषय निघाला होता. मी "हं" म्हटलं होतं आणि पान उलटल्याचा आवाज होता.

सहावा आठवडा संपला. डॉक्टरांनी गळ्यात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, आता प्रयत्न करायला हरकत नाही. मी प्रयत्न केला. फुस्स झालं. परतताना स्कूटरवर मागे बसून मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकलं, आणि पिपलानी येईपर्यंत दोघांनीही एकमेकांना धीर दिला नाही. द्यायला तो होता कुठे. घरी आल्यावर मी तिसऱ्या पुस्तकाची कार्डं खोक्यात घातली आणि खोकं माळ्यावर टाकायला दिलं. ह्यांनी ते माळ्यावर न टाकता पलंगाखाली सरकवलं.

आजी जायच्या आधीचा बुधवार आला. त्यांच्याकडे सामान बांधून झालं होतं. त्या आल्या तेव्हा मी पाटी घेतली नाही, वही घेतली नाही. त्यांच्या पायाशी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. मग तो हात एकदा दाबला, जसा कोणी "हं" म्हणेल तसा. आजींना लगेच समजलं.

"अस्सं?" त्या म्हणाल्या. "पाहू तं खरं. चुकली तं थांबीन."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. सून मुसळाला पाणी घालते, मी हात दाबला. पावसाळा जातो, मुसळ कोरडंच, मी दाबला. आईचा दुसरा निरोप येतो, तेव्हा माझी बोटं आपोआप घट्ट झाली आणि मला कळलं की हे वेगळ्या प्रकारचं ऐकणं आहे. लिहायला हात मोकळा नव्हता. पुढचं काय होईल ह्याचा अंदाज बांधायची मला सवय. इथे आता साधू येणार, नाहीतर नाग येणार. कोणी आलं नाही.

"मंग एका पहाटी सासू उठली," आजी म्हणाल्या. "सून झोपेल होती, हातात घागर तशीच. सासूनं पायलं. गेली, लिंबाची एक डहाळी तोडली, अन् आपल्या लुगड्याचा दोरा काढून ते डहाळी मुसळाले बांधली. बांधली, अन् सुनेले हाक मारली. ऊठ वं, पान फुटलं, जाय आपल्या मायकडं."

शेकडो गोष्टींत शेकडो सासवा मी पाहिल्या होत्या. असं करणारी एकही नव्हती.

"हं," मी म्हणाले.

खरखरीत, फाटका, भांडं घासल्यासारखा आवाज. मला स्वतःला तो कळायला क्षणभर लागला. स्वयंपाकघरात ह्यांच्या हातून काहीतरी पडलं आणि हे दारात येऊन उभे राहिले. आजींनाही कळलं होतं. त्यांनी उलट माझा हात दाबला. पण गोष्ट मधे तोडायची नसते, म्हणून त्या पुढे सांगत राहिल्या, सून नदी कशी उतरली, माय कशी उठून बसली, आणि मी दर वाक्याला माझा तो मोडका हुंकारा देत राहिले, कुठे हसून, कुठे रडून. हे दारात डोळे पुसत होते. गोष्ट संपली तेव्हा आजींनी माझ्या गळ्यावरून, व्रणावरून, हात फिरवला.

मी माझं पहिलं वाक्य बोलले. "आजी, अजून एक सांगा ना."

आजींनी मान हलवली. "नाही आता, बाई. हेच एक उरली होती माह्यापाशी. म्हनून तं तुह्यासाठी थांबवून धरली होती."