सुमनकाकूंची सवत

चांदोरकरकाका एसटीत बसले की आधी नकाशा उघडत. तो पसरला की शेजारच्या दोघा प्रवाशांच्या मांड्या त्याखाली जात आणि पेठच्या वाटेवरचा घाट लागायच्या आत त्या बिचाऱ्यांना दमणगंगेच्या खोऱ्यातले सगळे ओढे समजावून झालेले असत. कंडक्टर तिकिटासाठी नकाशाखाली हात घालून वाट बघत राही.

काका गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहत. नोकरी ओझरच्या कारखान्यात, ड्राफ्ट्समनची. इंग्रजांच्या काळातला, कापडावर चिकटवलेला तो नकाशा त्यांना देवळाली कॅम्पात एका रद्दीवाल्याकडे मिळाला आणि नव्वदच्या दशकातले त्यांचे बहुतेक रविवार त्या खोऱ्यात गेले. वाट चुके, नकाशा कधीच चुकत नसे. एकदा नकाशातल्या पायवाटेनं त्यांनी मला थेट भातखाचरात नेलं. गुडघाभर चिखलात उभे राहून शांतपणे म्हणाले, “वाट इथंच आहे. भात मागाहून लावलाय.”

सुमनकाकू नकाशाला सवत म्हणत. एकदा तरी खोरं बघायला चल, म्हणून काका दर दिवाळीत त्यांची मनधरणी करत. “ती आहे ना बरोबर? मग मी कशाला मध्ये?” असं म्हणून काकू कणीक मळायला घेत. काका हसत, पण त्यांना ते लागायचं. साऱ्या एसटीला त्यांनी खोरं दाखवलं. जिला दाखवायचं होतं ती येत नव्हती.

निवृत्तीनंतर काचबिंदूनं काकांची दृष्टी गेली. नकाशा कपाटात गेला, काका गप्प गप्प झाले. मग एका उन्हाळ्यात काकूंनीच मला गाडी काढायला सांगितली. नकाशा त्यांच्याच मांडीवर होता.

खोऱ्याच्या कडेला आम्ही तिघं बसलो. पलीकडे काय दिसतंय, काकांनी विचारलं. काकूंनी नकाशातल्या हिरव्या रंगावर बोट ठेवलं. “दाट झाडी आहे,” त्या म्हणाल्या. “अगदी नदीपर्यंत.”

समोर उघडाबोडका डोंगर होता.

काकू गाडीतला डबा आणायला गेल्या, तसे काका माझ्याकडे झुकले.

“ती झाडी मला दिसत होतं तेव्हाच तुटली. पण तिच्याजवळ बोलू नकोस. आज पहिल्यांदा तिनं नकाशाची बाजू घेतलीय.”