कोऱ्या चहाची धास्ती

सातवा महिना लागला तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावत होते. दिवसभर उभ्याचं काम. पेंग आवरायला चहा. घरी सासूबाईंच्या हातचा वेगळा.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तेव्हा पेटलेलं होतं. संचारबंदी लागली की दूधवाला येत नसे. सासूबाई पिशोरकडच्या, शेळ्या राखलेल्या, दुधाशिवाय चहा त्यांना माहीतच नव्हता. "दूध नाय तर पत्ती तरी जास्त घालू," म्हणत त्या पाणी काळंभोर होईपर्यंत उकळायच्या. दूध नाही म्हणजे पोटाला हलका, असं त्यांना वाटे. मलाही वाटे. जेवण जात नव्हतं, चहा जायचा.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चहा किती वेळा?"

"सकाळ-संध्याकाळ."

"आणि कामावर?"

तो मी धरलाच नव्हता. आमच्यात घरच्या चुलीवर होतो तो आपला चहा. बाहेर कुणी पुढ्यात ठेवला तो पाहुणचार, तो कोण मोजतं?

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, चहातलं जे झोप उडवतं ते वारेतून बाळापर्यंत जातं आणि त्याला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. "त्याचा मेंदू घडतोय. किती बिघडतं, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. कमी करा."

बिघडतंच असं म्हणाल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. माहीत नाही म्हणाल्या, म्हणून घाबरले. घरी येऊन चहा बंदच केला. दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. ओढणी कपाळाला आवळून पडले होते.

सासूबाई म्हणाल्या, "तलफ हाय ती. तुझं डोकं धरलं, तर आतल्याचं बी धरलं असंल की."

त्या सहज बोलून गेल्या. मी मात्र पोटावर हात ठेवून बसले. आत एवढंसं डोकं दुखत असेल आणि त्याला सांगताही येत नसेल, हे मनातून जाईना. कपभर प्यावं तर मेंदूची भीती, न प्यावं तर ही. शेवटी एकदम न सोडता थोडा थोडा कमी केला.

मुलगा झाला. वजनानं बेताचा. घरी आणलं त्याच दिवशी पुन्हा संचारबंदी लागली. दुपारी दुपटं बदलताना पाहिलं, तर त्याचे हात थरथरत होते. हनुवटीही. मी नवऱ्याला हाक मारली. तो दारापर्यंत गेला आणि परत आला. बाहेर पोलिसांची जीप फिरत होती.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या त्या वाटीत चहा आणि चमचा घेऊनच.

"आत्याबाई, हे काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"एक चमचा दे. पोटात असल्यापासनं सवय हाय त्याला. बघ, हात कसे उडायलेत, जसं काय शिफ्टला उशीर झालाय."

"नाही द्यायचा."

"अगं, माझ्या पोरालाबी पाजलाय मी. काय झालं त्याला?"

नवरा भिंतीकडे बघत होता. मी चमचा हिसकून मोरीत टाकला. सासूबाई वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी पोराची मूठ हातात धरली. थरथर थांबली. सोडली, पुन्हा सुरू. मग दुपट्यात घट्ट गुंडाळून त्याला छातीशी घेतलं आणि संचारबंदी उठेपर्यंत खाली ठेवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "हात धरला की थांबते ना? मग झटके नाहीत. बऱ्याच बाळांना होतं, जाईल."

"चहामुळं?"

"सांगता येत नाही."

थरथर गेली. पण मी त्याच्यावरची नजर काढली नाही. ताट वाजवून बघायचे, मान वळवतो का. शेजारच्या पोरीच्या मागून तो बोलायला लागला, तोवर मला जेवण जाईना. पुढे शाळेत सातच्या पाढ्याला अडायचा आणि मी कारखान्यातले कप मोजायला लागायचे. सातच्या पाढ्याला वर्गातली निम्मी पोरं अडायची. त्यांच्या आया संध्याकाळी ओट्यावर बसून निवांत चहा प्यायच्या.