भिंतीच्या आतली सालोमी

सालोमी गेल्याचं मला कुणी घरी येऊन सांगितलं नाही. मी शेळ्यांना पाला तोडत होते, तेवढ्यात चर्चची घंटा थांबून थांबून वाजायला लागली. येलदरीच्या रस्त्याला असलेल्या आमच्या गावात अशी घंटा कशासाठी वाजते ते लहान पोरालाही कळतं. रडू आधी आलं नाही. आधी मनात आलं ते हेच, की गावाला सांगायच्या आधी मला सांगायला हवं होतं...

आमचं घर धनगराचं, चर्चच्या आवाराच्या भिंतीला लागून. भिंतीच्या आत सालोमीचं घर. तिचा बाप फादरांची जीप चालवायचा. सिस्टरांच्या शाळेत आम्ही एका तरटपट्टीवर बसायचो आणि आयतवारी ती मला ओढून चर्चमधल्या प्रार्थनेला, मिस्साला न्यायची. मला तिथलं सगळं आवडायचं. गार फरशी, मेणबत्त्यांचा वास, नाताळात गव्हाणीपुढं वाट्यांमध्ये उगवलेला हिरवा गहू. "तुझ्या शेळ्या हिकडं आल्या तर बघ," म्हणून सिस्टर दटावायच्या. पण मिस्सात एक वेळ अशी यायची की सगळे उठून रांगेत जायचे, फादर एकेकाच्या जिभेवर ख्रिस्तप्रसाद ठेवायचे, आणि मी बाकावर एकटी उरायची. माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता. सालोमी पांढरा फ्रॉक घालून पहिल्यांदा त्या रांगेत गेली, त्या दिवशी मी तिच्याकडं बघितलं ते अजून डोळ्यांत आहे.

"कसं लागतंय गं?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"पापडावानी. मीठ न्हाई, काई न्हाई."

"खोटं बोलायलीस."

"आयशप्पत!"

माझा विश्वास बसला नाही. तो प्रसाद सिस्टरच करायच्या. लोखंडी साच्यात पातळ पीठ भाजायचं, त्याच्या गोल चकत्या कापायच्या आणि उरलेली कातरण पोरांना वाटायची. सालोमीनं एकदा तिच्या वाट्याची सगळी कातरण ओच्यात भरून माझ्याकडं आणली. "घे, खा पोटभर. तेच हाय." मी खाल्लं. खरंच चव नव्हती. तरी मी म्हणाले, "तेच न्हाई. फादरनी वर हात धरून प्रार्थना म्हणल्यावर ते हुतंय. त्याच्याआधी नुसतं पीठ."

"मंग तूच हो की फादर," ती म्हणाली आणि हसत सुटली.

चौथीनंतर तिला बोर्डिंगात पाठवलं, मला शेळ्यांमागं. ती परत आली ती हार्मोनियम शिकून. दोघींची लग्नं गावातच झाली, ती भिंतीच्या आत राहिली, मी बाहेर. गाणाऱ्या बाया तिला सालोमीबाई म्हणायच्या, तिच्याभोवती गोळा व्हायच्या. मी चर्चच्या खिडकीतून बघायची. ती त्यांच्याकडं मान वळवून हसली की मला ते बघवायचं नाही, रोज संध्याकाळी ती माझ्याच ओट्यावर बसून चहा प्यायची तरीही.

"येवढं काय बोलतीस त्यांच्याशी?"

"सूर सांगते गं."

"मला न्हाई सांगितलास कदी."

"तुला सांगून काय करू? तू शेळीवानी वरडतीस."

तिच्या मातीला चर्च भरलं होतं. गाणाऱ्या बाया पहिल्या बाकावर बसून रडत होत्या. ही या चर्चची लेक होती, असं फादर म्हणाले. मी मागं बसले होते. कबरस्तानात सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली. तिच्या एका अंगाला तिचा नवरा, दुसऱ्या अंगाला आईबाप. आमची राख पूर्णेत जाते. ती मात्र इथंच राहणार, त्यांच्यात. मेल्यावरही मला तिच्याजवळ जागा नाही.

परवा तिची लेक अनिता आली. "मावशी, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आईच्या आठवणी सांगायच्यात. सगळ्या बाया बोलणारेत. आदल्या दिवशी दुपारभर तुमीच जवळ होतात. काय म्हणली आई?"

मी तिला फ्रॉकचं सांगितलं, कातरणीचं सांगितलं. ती हसली, मग रडली. शेवटचं मात्र मी सांगितलं नाही. "काई न्हाई, पाणी मागितलं," एवढंच म्हणाले.

ती जायच्या आदल्या दुपारी फादर प्रसाद घेऊन तिच्या खाटेपाशी आले होते. मी उठायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं. फादर गेल्यावर म्हणाली, "गये, जलमभर तुझ्यापायी माझं ध्यान लागलं न्हाई. जीभ पुढं केली की बाकावरलं तुझं तोंड दिसायचं, उपाशी लेकरावानी. आधी तुझं नाव घ्यायची, मंग गिळायची... फादरला सांगू नकोस."

नाही सांगितलं. अनितालाही नाही. हार्मोनियम त्यांची, कबर त्यांची, कबरीवरच्या मेणबत्त्या त्यांच्या. हे त्यांना कशाला देऊ?

आयतवारी प्रसादाच्या वेळचं गाणं भिंतीपलीकडून यायला लागलं की मी हातातलं काम सोडून ओट्यावर बसते. सून विचारते, "आत्याबाई, गुडघा धरला का?" मी हो म्हणते. आत रांग लागलेली असते. ती संपेपर्यंत मी उठत नाही.